वाघ, बंदूक आणि समन्स

नांदेडहून लोहा, अहमदपूर करीत लातूरला जाणाऱ्या सडकेवर अपघात झाला की गर्दीतून एक वाक्य हमखास ऐकू येई, "हात लावू नका, पंचनामा होऊ द्या!" तोवर जखमीचे रक्त वाहत राही.

वाचकहो, ही माणसे निर्दय नव्हती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली, तेव्हा दगडमातीचे ढिगारे याच मुलखातल्या लोकांनी नुसत्या हातांनी उपसले. मग सडकेवरच भय कसले?

शिक्षेचे म्हणावे, तर कायद्याने ते केव्हाच काढून टाकले होते. १८६० च्या दंडसंहितेतले ९२ वे कलम मोठे मौजेचे. एकाला वाघ ओढून नेतो आहे. त्याला सोडवावे म्हणून दुसऱ्याने वाघावर गोळी झाडली. ती लागली माणसालाच आणि तो दगावला. हेतू सोडवण्याचा होता ना? मग गुन्हा नाही! निजामी गेल्यावर १९५१ साली ही संहिता मराठवाड्यालाही लागू झाली. २०२४ पासून न्याय संहितेच्या ३० व्या कलमात तो वाघ तसाच आहे.

पण आमच्या माणसाला वाघापेक्षा समन्सचे भय! कोर्टाचे खेटे त्या कलमाने चुकत नव्हते. ही गोष्ट उमगायला २०१६ साल उजाडले. ३० मार्चला सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याच्या रक्षणासाठी केलेल्या सूचनांना कायद्याचे बळ दिले. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ कलम आले. रक्त थांबवताना शुद्ध हेतूने चूक झाली तरी दावा नाही. नाव सांगण्याची सक्ती नाही. स्वखुशीने साक्षीदार व्हायचे, तर अंमलदाराने जबाबासाठी घरी यावे, आणि तेही साध्या वेषात! गल्लीतल्या खिडक्यांची कायद्याला एवढी ओळख कुणी करून दिली, कोण जाणे.