तट आणि नगर : वसईच्या खाडीकाठचा वास्तुवारसा व त्याच्या जतनाचा प्रश्न

साष्टीच्या उत्तर टोकास काशी व मिरे ही दोन लहान गावे होती. त्यांच्या जोडनावाने आज ओळखली जाणारी काशीमीरा ही वस्ती मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि ठाण्याकडून येणारा घोडबंदर रस्ता यांच्या संगमापाशी वसली आहे. येथून काही किलोमीटरांच्या अंतरात एका बाजूस घोडबंदरचा किल्ला, दुसऱ्या बाजूस उत्तन-डोंगरीकडील धारावीच्या किल्ल्याचे अवशेष आणि खाडीपलीकडे वसईचा कोट अशी तीन ऐतिहासिक स्थळे आढळतात. ही तिन्ही स्थळे स्वतंत्रपणे अनेकांनी वर्णिली आहेत. परंतु ती एकाच व्यवस्थेचे अवयव होती आणि त्यांच्या जतनाचा विचारही त्याच दृष्टीने व्हावयास हवा, या मुद्द्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा थोडक्यात परामर्श घ्यावयाचा आहे.

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ च्या तहान्वये वसई व तिच्या ताब्यातील मुलूख पोर्तुगीजांच्या स्वाधीन केला. पुढील दोनशे वर्षांत वसई हे पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताचे मुख्य ठाणे बनले. अनियमित दशकोनी तट, जमिनीकडील व समुद्राकडील असे दोन दरवाजे, आतील बालेकिल्ला, नगरसभेची इमारत, प्रमुख देवालय आणि फ्रान्सिस्कन, डोमिनिकन व जेझुइट या पंथांचे मठ अशी या नगराची रचना होती. धारावीच्या खाणींतील दगड येथील बांधकामांस नेला जात असे. म्हणजे खाडीचा एक काठ दुसऱ्या काठावरील नगर घडवीत होता. घोडबंदर हे नाव अरबी घोड्यांच्या व्यापारावरून पडले असे परंपरा सांगते. ठाणे ते वसई या जलमार्गावर नजर ठेवण्याचे ते मधले ठाणे होय. शिवाजी महाराजांच्या सैन्याने १६७२ मध्ये घोडबंदरवर केलेला हल्ला परतविला गेला. यावरूनही या जागेचे महत्त्व ध्यानी येते.

चिमाजीअप्पांच्या मोहिमेत या व्यवस्थेचे स्वरूप सर्वांत स्पष्ट दिसते. मार्च १७३७ मध्ये ठाणे मराठ्यांच्या हाती आले आणि त्याच वर्षी घोडबंदरही पडले. तथापि खाडीच्या मुखावरील धारावीसाठी दोन्ही पक्षांना पुनःपुन्हा झगडावे लागले. १७३९ च्या मार्चमध्ये ती निर्णायकपणे मराठ्यांकडे आली आणि मे महिन्यात वसई शरण आली. धारावी हातची गेल्यावर वसईस समुद्रमार्गे मिळणारी मदत मराठ्यांच्या माऱ्याखाली आली, हा क्रम आकस्मिक नव्हे. पेशवे दप्तरातून गो. स. सरदेसाई यांनी निवडून प्रसिद्ध केलेले या मोहिमेचे कागद वाचताना खाडी हीच खरी युद्धभूमी होती, असे म्हणावे लागते.

आता प्रश्न असा की, तट इतका भक्कम उरला असताना आतील नगर का नाहीसे झाले? युद्धातील सुरुंग व तोफा यांवर सर्व भार टाकणे योग्य होणार नाही. नगराची उतरती कळा आधीच सुरू झाली होती. १६७४ मध्ये मस्कतच्या अरबांनी वसईवर केलेली धाड हे तिचे एक लक्षण होय. याहून मूलभूत कारण नगराच्या रचनेत होते. तटाच्या आत मुख्यत्वे फिदाल्गु म्हणजे उमराव घराणी, अधिकारी व धर्मगुरू राहत. शेतकरी, कोळी व कारागीर यांची वस्ती तटाबाहेर होती. यास्तव १७३९ मध्ये उमराव वर्ग निघून जाताच आतील घरांना वारस उरला नाही. मराठ्यांनी वसईचे नाव बाजीपूर असे ठेवून तेथे सरसुभा नेमला व नवी वस्ती करण्याचा यत्न केला. पण जनरल गॉडर्डने १७८० मध्ये किल्ला घेतला, १७८२ च्या सालबाईच्या तहाने तो मराठ्यांस परत मिळाला, १८०२ अखेर येथेच दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला आणि अखेर हा मुलूख कंपनी सरकारकडे गेला. इतक्या उलथापालथीत नगराची घडी पुन्हा बसली नाही. उलट तटाबाहेरील गावे, त्यांतील देवळे व चर्चे, वाड्या व बोली हे सर्व टिकून राहिले. जेर्सन द कुन्हा यांनी १८७६ मध्ये वसईच्या पुराणवस्तूंवर आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तोवर आतील नगर हा शिलालेखांचा व भग्नावशेषांचा विषय झाला होता.

याच्या तुलनेस मुंबईचे कोट घ्यावे. तेथील तटबंदी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात उभी राहिली; परंतु तिच्या आत इंग्रजांप्रमाणेच पारशी, गुजराती व बोहरी व्यापाऱ्यांची दाट वस्ती होती. गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या कारकीर्दीत, १८६२ नंतर, तट पाडण्यात आला. तट गेला, पण नगर गेले नाही. उलट मोकळ्या झालेल्या जागेत सचिवालय, उच्च न्यायालय व राजाबाई टॉवर उभे राहिले. २०१८ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता पावलेल्या वास्तुसमूहाचा एक मोठा भाग अशा रीतीने तटाच्या नाशातून जन्मला. ‘चर्चगेट’ या नावात तेवढा जुना दरवाजा शिल्लक आहे.

तिसरे उदाहरण कॅनडातील क्वेबेकचे. ब्रिटिश फौज १८७१ मध्ये तेथून गेल्यावर वाहतुकीच्या सोयीसाठी दरवाजे पाडण्यास आरंभ झाला. त्या वेळचे गव्हर्नर-जनरल लॉर्ड डफरिन यांनी नगरसभेचे मन वळविले; तट राखावा आणि दरवाजे अधिक रुंद करून पुन्हा बांधावेत, असा मध्यममार्ग निघाला. हेच डफरिन पुढे १८८४ ते १८८८ या काळात हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. क्वेबेकचे जुने नगर १९८५ मध्ये जागतिक वारसा ठरले. तेथे तट व नगर दोन्ही टिकले. कारण तटाला नगराच्या चालू व्यवहारात स्थान करून देण्यात आले.

ही तीन उदाहरणे शेजारी ठेवली असता एक निष्कर्ष निघतो. वसईत तट आहे, नगर नाही. मुंबईत नगर आहे, तट नाही. क्वेबेकात दोन्ही आहेत. वास्तूचे आयुष्य तिच्या दगडापेक्षा तिच्या वहिवाटीवर अधिक अवलंबून असते. वसईच्या कोटातच याचा पुरावा आहे. जेथे गोन्सालो गार्सिया या वसईत जन्मलेल्या संताच्या नावे उपासना होते, त्या चर्चची डागडुजी झाली. शेजारचे मठ मात्र छपराविना उभे आहेत. वसईच्या चर्चांतील घंटा मराठ्यांनी नेल्या. नाशिकचे नारोशंकराचे देऊळ, भीमाशंकर व वाईजवळील मेणवली येथे त्या आजही दिसतात. मनोरे पडले, घंटा टिकल्या. कारण त्यांना नवे काम मिळाले.

घोडबंदर-काशीमीऱ्याची स्थिती या तिन्हींहून वेगळी आहे. येथे नगर बाहेरून चालून आले. मिरा-भाईंदर नगरपरिषद १९८५ मध्ये स्थापन झाली व २००२ मध्ये तिची महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या ८,०९,३७८ भरली. या वाढीसमोर किल्ल्याचे बुरूज कदाचित उरतील, कारण ते डोळ्यांत भरतात. परंतु बंदराची जागा, जुनी वाट, मिठागरांचे बांध, गावठाणांतील कौलारू घरे व दगडी क्रूस हे ज्या परिसराने किल्ल्याला अर्थ दिला त्याचे घटक आहेत आणि नाहीसे होताना त्यांची नोंदही होत नाही. किल्ल्याची डागडुजी करून भोवती बाग केली म्हणजे जतन पुरे झाले, हा समज म्हणूनच अपुरा आहे. तसे केल्यास वसईच्याच नियतीची वेगळ्या मार्गाने पुनरावृत्ती होईल : भिंत राहील, गाव राहणार नाही.

यात कायद्याची मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. १९५८ चा केंद्रीय कायदा व १९६० चा महाराष्ट्राचा कायदा मुख्यतः एकेका घोषित स्मारकाचे रक्षण करतात. १९९५ मध्ये बृहन्मुंबईसाठी झालेल्या वारसा नियमावलीने वास्तूंची श्रेणीवार यादी केली आणि एकेकट्या इमारतीबरोबर संपूर्ण परिसरासही संरक्षण देण्याची कल्पना रूढ केली. मात्र तिची हद्द दहिसरला संपते. शिवाय १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यापासून वसई एका जिल्ह्यात, तर घोडबंदर व धारावी दुसऱ्या जिल्ह्यात आहेत. महापालिकाही दोन आहेत. ज्या खाडीने ही स्थळे जोडली, तीच आज त्यांची प्रशासकीय सीमा झाली आहे.

यावर उपाय म्हणून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, दोन्ही काठांची मिळून एकच वारसायादी असावी व तिचा घटक इमारत नसून परिसर असावा. दुसरी, ही यादी करण्याचे काम केवळ अभियंत्यांकडे न सोपविता इतिहासाच्या अभ्यासकांनी अंगावर घ्यावे. मोहिमेच्या पत्रांत येणारी स्थळनामे, महसुली नकाशे, चर्चमधील नोंदवह्या आणि गावातील वृद्धांची स्मृती यांचा मेळ प्रत्यक्ष जागेवर जाऊन घालणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील काम आहे. आणि ते पुढील पिढीसाठी राखून ठेवता येण्याजोगे नाही. कागद दप्तरखान्यात वाट पाहू शकतात. गावठाणातील वाट मात्र एकदा रस्त्याखाली गेली की परत मिळत नाही.