दागिना की कणा? मराठी कथेतल्या प्रतिमेचा प्रवास

मागच्या भागात आपण कथानकाबद्दल बोललो. आज कथेतल्या प्रतिमेकडे वळू.

शाळेत ‘अलंकार ओळखा’ या प्रश्नात माझे गुण कधी गेले नाहीत. उपमा सापडली, रूपक सापडलं, की काम संपलं. प्रतिमा म्हणजे भाषेचा दागिना; उतरवला तरी गोष्ट तीच, असं मला वाटे. मराठी कथेच्या इतिहासानेच तो समज मोडला.

हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ सुरू केलं. त्यांच्या स्फुट गोष्टींपैकी दुष्काळावरची ‘काळ तर मोठा कठीण आला’ आठवा. तिथे जोर घटनेवर आहे. भूक दाखवायला अलंकार लागत नाही.

पुढे दिवाकर कृष्णांनी कथा मनाच्या आत नेली. ‘अंगणातला पोपट’ हे शीर्षकच एक चित्र आहे. वि. स. खांडेकरांची रूपककथा मात्र बंद पाकिटासारखी. आतला अर्थ वाचला, की पाकीट बाजूला ठेवता येतं. १९४५ नंतर गंगाधर गाडगीळ आणि इतर नवकथाकारांनी प्रतिमेला पात्राच्या नजरेशी जोडलं. पात्राला जग जसं दिसतं, तसंच ते आपल्यालाही दिसू लागलं.

आणि मग जी. ए. कुलकर्णी. ‘पिंगळावेळ’ या १९७७ च्या संग्रहातली ‘स्वामी’ ही कथा घ्या. एका प्रवाशाला मठात नेऊन स्वामी म्हणून कायमचं कोंडलं जातं. त्या कोठडीत वाढलेली वेल बाहेरच्या उजेडाकडे जाते. ती कशाचं प्रतीक? जगण्याची ओढ म्हणा, कला म्हणा, एकही उत्तर पुरं पडत नाही. पण वेल काढून टाका, कथाच कोसळते. दागिना इथे कणा झाला आहे.

आणखी एक गोष्ट, खास महाराष्ट्राबाहेरून ऐकणाऱ्यांसाठी. दिवाकर कृष्ण हैदराबादला वकिली करत, जी. ए. धारवाडला इंग्रजी शिकवत. दारापलीकडे दुसरीच भाषा होती, तरी मराठी कथेची दोन मोठी वळणं या दोघांनी घडवली. तेव्हा ‘आमची मराठी बाहेरची’ असं म्हणताना थोडं थांबा.

आज एक कथा वाचा. तिच्यातली आवडलेली प्रतिमा बोटाने झाका, आणि काय उरतं ते पाहा. बहुधा तिथेच कथा सापडेल.