आरोग्याचा पाठ घरोघरीं

मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालीं सुरू झालें. ग्रंथ वाचावा, व्याख्यान ऐकावें, परीक्षा द्यावी, ही वैद्यकशिक्षणाची रीत तेव्हांपासून आपल्याकडे रूढ झाली. आणि डॉक्टर तयार करण्यास ती योग्यच होती. परंतु आरोग्य कांहीं केवळ डॉक्टरांच्या हातीं नसतें. मूल अशक्त होऊं लागलें आहे, हें प्रथम आईस कळावें लागतें. ज्या आईस अक्षरओळख नाहीं, तिला हें ज्ञान द्यावयाचें तरी कसें? या प्रश्नाचें उत्तर ज्या ठिकाणीं शोधलें गेलें, त्यांपैकीं एक म्हणजे डहाणू तालुक्यांतील कासा हें गांव होय.

सूर्या नदीच्या परिसरांत, डहाणूहून जव्हारकडे जाणाऱ्या रस्त्यावर हें गांव आहे. पूर्वीं तें ठाणें जिल्ह्यांत मोडे. १ ऑगस्ट २०१४ पासून तें पालघर जिल्ह्यांत येतें. भोंवतालचा मुलूख वारली व इतर आदिवासी जमातींचा. वस्ती एके ठिकाणीं दाट नसून पाड्यापाड्यांतून विखुरलेली.

शिकणारा शाळेंत येत नसेल तर शाळेनें त्याच्याकडे जावें, हा विचार या तालुक्यास नवा नव्हता. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें व पुढें तें कार्य कोसबाडच्या टेकडीवर नेलें. आदिवासी मुलें बालवाडींत येत नाहींत असें पाहून बालवाडीच त्यांच्या वस्तीच्या अंगणांत नेण्यांत आली. 'अंगणवाडी' हें नांव त्यांतून आलें.

आरोग्याच्या बाबतींत तोच मार्ग १९७० नंतरच्या दशकांत कासा येथें चोखाळण्यांत आला. ग्रँट मेडिकल कॉलेजांतील बालरोगतज्ज्ञ डॉ. पी. एम. शहा यांच्या पुढाकारानें, राज्य सरकार व 'केअर' ही संस्था यांच्या सहकार्यानें, कासा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या क्षेत्रांत माता, बालक व पोषण यांची एकत्रित योजना राबविली गेली. गांवांतल्याच अर्धवेळ काम करणाऱ्या स्त्रिया हा तिचा कणा होता. या स्त्रियांना सगळें वैद्यक शिकविण्याचा खटाटोप नव्हता. घरोघरीं जाऊन करावयाचें तेवढेंच त्यांना शिकवावयाचें होतें: मूल तोलणें, वजनाची खूण तक्त्यावर करणें, धोक्यांतलें मूल ओळखून त्याच्याकडे वारंवार जाणें, आणि आपल्या आवांक्याबाहेरचें दुखणें आरोग्य केंद्राकडे सोपविणें.

वाढीचा तक्ता हेंच या शिक्षणांतील खरें पाठ्यपुस्तक. डॉ. डेव्हिड मॉर्ले यांनीं पश्चिम नायजेरियांतील खेड्यांत तो प्रचारांत आणला होता. हळूहळू खंगणारें मूल रोज पाहणाऱ्या डोळ्यांस तसें दिसत नाहीं. त्यांतून शेजारचीं मुलेंही तशींच असलीं म्हणजे तें साहजिकच वाटूं लागतें. परंतु तक्त्यावरील रेघ वर चढते आहे, आडवी चालली आहे कीं खालीं उतरते आहे, हें समजावून दिलें तर निरक्षर आईसही दिसतें. तांदळाच्या पिठानें भिंतीवर चित्रें काढणाऱ्या वारली स्त्रीस रेघेची भाषा परकी खास नव्हती. रेघ अडली कीं आईचा पाठ सुरू व्हावयाचा, आणि तो तिच्याच चुलीपाशीं. मुलाचें पोट लहान असतें. म्हणून त्याला थोडें थोडें, पण अनेकदां भरवावें, आणि घरांत शिजतें त्यांतूनच भरवावें. कुपोषित मुलांपैकीं अनेकांचा उपचार रुग्णालयांत न नेतां घरींच होऊं शकतो, यावर या कार्याचा भर होता.

शिकणाऱ्याकडे पाहून साधन घडविण्याची हीच दृष्टि पुढें गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या कार्यांत दिसते. बालकाचा न्यूमोनिया ओळखावयाचा तर त्याचे मिनिटाचे श्वास मोजावे लागतात; परंतु गांवच्या सुइणींना मोठी गणती येत नसे. तेव्हां एका मिनिटाचें वाळूचें घड्याळ व मण्यांच्या ओळी असें साधन त्यांनीं तयार केलें. दहा श्वास झाले कीं एक मणी सरकवावा. वाळू संपण्यापूर्वीं लाल मण्याची पाळी आली तर न्यूमोनिया समजावा. सुइणीस गणित येत नाहीं म्हणून तिला अपात्र ठरविलें नाहीं; गणितच तिच्या बोटांपाशीं आणून ठेवलें.

२ ऑक्टोबर १९७५ रोजीं एकात्मिक बाल विकास योजना सुरू होऊन अंगणवाडी देशभर पोंचूं लागली. २००५ सालच्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानानें 'आशा' कार्यकर्ती गांवोगांव आणली. तथापि एकदां दिलेला पाठ कायमचा पुरत नाहीं. १९९२ सालीं जव्हार तालुक्यांत वावर-वांगणी येथें कुपोषणानें कित्येक बालकें दगावलीं. जेथें हाताला काम नाहीं व घरांत दाणा नाहीं, तेथें तक्त्यावरची रेघ धोका दाखवील. अन्न कोठून आणील? म्हणून त्या रेघेचा अर्थ आईस जितका कळावा, तितकाच तो कारभार चालविणाऱ्यांसही कळला पाहिजे. वर्ग किती भरविले, वह्या किती भरल्या, यावरून असल्या शिक्षणाचें मोजमाप होत नाहीं. पाड्यांतल्या मुलाचें वजन वाढलें कीं नाहीं, हीच त्याची परीक्षा.