ऑफ-रोड एसयूव्ही कोणत्या साइजची घ्यावी? जिमनी, थार, रॉक्स, गुरखा की स्कॉर्पिओ-एन

मित्रांच्या ग्रुपवर हा प्रश्न टाकला की दोनच उत्तरं येतात, "थार घे" किंवा "मोठी घे". तुमचं पार्किंग, तुमच्यासोबत येणारी माणसं आणि तुम्ही खरंच जाणार असलेला रस्ता, या तीन गोष्टी त्यात कुठेच नसतात. साइज ठरते ती यांच्यावरूनच.

आधी आकडे. मारुती जिमनी आणि तीन दारांची महिंद्रा थार, दोघींची लांबी सारखीच म्हणजे 3985 मिमी. पण रुंदीत जिमनी 1645 आणि थार 1820. थार रॉक्स 4428 मिमी लांब, 1870 रुंद. पाच दारांची फोर्स गुरखा 4390 आणि 1865. स्कॉर्पिओ-एन सगळ्यांत मोठी, 4662 लांब आणि 1917 रुंद. हे रुंदीचे आकडे आरसे सोडून असतात, हे लक्षात ठेवा.

पार्किंग

मी पावणे एमआयडीसीत काम करतो. इथल्या आतल्या रस्त्यांवर दोन्ही बाजूंना ट्रेलर उभे असतात आणि मधल्या फटीतून समोरासमोर दोन गाड्या काढायच्या असतात. अशा वेळी 20-25 सेंटीमीटरचा फरक रोज जाणवतो. घरचा हिशोब तर अजून सरळ आहे. अनेक इमारतींत गाडीची जागा साधारण 2.5 मीटर रुंद आणि 5 मीटर लांब असते. स्कॉर्पिओ-एन अगदी मधोमध लावली तर प्रत्येक बाजूला 29 सेंटीमीटर उरतात, जिमनीला 43. शेजारी खांब असेल तर 29 मध्ये दार उघडून बाहेर पडून दाखवा! लिफ्टवाली पार्किंग असेल तर तिच्या पाटीवर लिहिलेली उंची आणि वजनाची मर्यादा आधी वाचा. गुरखा 2 मीटरपेक्षा उंच आहे, आणि वर कॅरिअर लावलं की कोणतीही गाडी अजून उंच होते.

व्हीलबेस: हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा

लोक ग्राउंड क्लिअरन्स विचारतात, व्हीलबेस विचारत नाहीत. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर म्हणजे व्हीलबेस. बांधावरून किंवा मोठ्या उंचवट्यावरून जाताना गाडीचं पोट टेकेल की नाही, हे या दोन्हींवर मिळून ठरतं. ब्रोशरमध्ये त्याला ब्रेकओव्हर अँगल म्हणतात.

याचं उत्तम उदाहरण जिमनीच आहे. परदेशात विकल्या जाणाऱ्या तीन दारांच्या जिमनीचा व्हीलबेस 2250 मिमी आणि ब्रेकओव्हर 28 अंश. आपल्याकडे 2023 मध्ये आलेल्या पाच दारांच्या जिमनीचा व्हीलबेस 2590, ब्रेकओव्हर 24 अंश. ग्राउंड क्लिअरन्स दोन्हींचा 210 मिमीच! म्हणजे मागची दारं आणि सामानाची जागा मिळाली, त्याची किंमत 4 अंशांनी मोजली. वळणातही तेच, टर्निंग रेडियस 4.9 मीटरवरून 5.7 वर गेला. थारमध्ये हाच सौदा दिसतो. तीन दारांची 2450 मिमी व्हीलबेसची, रॉक्स 2850 ची, आणि रॉक्सचा ब्रेकओव्हर दोन-तीन अंशांनी कमी.

हे 24 अंश म्हणजे नक्की किती, ते फोनवर कळतं. लेव्हल किंवा क्लिनोमीटर ॲप उघडा, सरळ काठी उंचवट्याच्या चढावर ठेवा आणि काठीवर फोन. मग उताराच्या बाजूलाही तसंच करा. दोन्ही आकड्यांची बेरीज गाडीच्या ब्रेकओव्हरच्या जवळ आली की पोट घासणार. किल्ल्यांच्या पायथ्याच्या गावांपर्यंतचे बहुतेक रस्ते या मर्यादेच्या खूप आत असतात. तुम्ही तेवढंच फिरणार असाल तर फोर-बाय-फोरचे जास्तीचे पैसे पेट्रोलला ठेवा.

पाणी

थारची पाण्यातून जाण्याची कंपनीने दिलेली मर्यादा 650 मिमी, गुरखाची 700. हे आकडे साचलेल्या, स्थिर पाण्याचे समजा. साधारण 60 सेंटीमीटर वेगाने वाहणारं पाणी बहुतेक गाड्यांना वाहून नेऊ शकतं, त्यात एसयूव्हीही आल्या. गाडी मोठी म्हणजे पाण्याला ढकलायला पृष्ठभागही मोठा. पावसाळ्यात फरशीवरून पाणी वाहत असेल तर थांबायचं, गाडी कोणतीही असो. रील नंतरही काढता येते.

वाळूत उलट गणित आहे, तिथे हलकी गाडी बरी. जिमनी साधारण 1200 किलोची आहे, बाकीच्या बऱ्याच जड. मात्र अनेक किनाऱ्यांवर गाडी न्यायला बंदी आहे, आणि राखीव जंगलात परवानगीशिवाय गाडी घालणं हा गुन्हा आहे.

माणसं आणि सामान

जिमनी आणि तीन दारांची थार कागदावर चार सीटच्या आहेत. ग्रुपमध्ये पाच जण असतील तर विषय तिथेच संपला. जिमनीची डिकी 208 लिटर, रॉक्सची 447. गणपतीला चार जण सामानासह कोकणात जाणार असाल तर जिमनीत दोन बॅगा मांडीवर येतील.

टॅक्सची एक गंमत

4 मीटरच्या आतली गाडी स्वस्त पडते असं सगळे सांगतात. पण कमी जीएसटीसाठी पेट्रोल इंजिन 1200 सीसी आणि डिझेल 1500 सीसीच्या आतही लागतं. सप्टेंबर 2025 पासून अशा गाड्यांना 18 टक्के आणि मोठ्यांना 40 टक्के. जिमनीचं पेट्रोल इंजिन 1462 सीसी, म्हणून लांबी कमी असूनही ती 40 मध्ये. थारचं 1.5 डिझेल 18 मध्ये बसतं, पण ते फक्त मागच्या चाकांवर चालतं.

मग कोणती?

दोघंच फिरणार, अरुंद गल्ली आणि अधूनमधून खरा कच्चा ट्रेल असेल तर मी जिमनी घेईन. घरची चार-पाच माणसं असतील तर रॉक्स, पण तिच्यात फोर-बाय-फोर फक्त डिझेलमध्ये मिळतं. सात जण लागतील तर स्कॉर्पिओ-एन. गुरखा घ्यायची तर पुढे-मागे डिफरेन्शियल लॉक खरंच वापरणार असाल तरच, रोज ठाणे-बेलापूर रोडच्या सिग्नलवर ती दमवते.

टेस्ट ड्राइव्हला शोरूमची ठरलेली फेरी मारू नका. गाडी थेट आपल्या सोसायटीत आणायला सांगा, आपल्याच जागेत लावा आणि ड्रायव्हरच्या दारातून उतरून बघा.