माहुलची हवा आणि सोळावं गुणसूत्र

२०१७ साली तानसा जलवाहिनीच्या कडेची आमची खोली तुटली आणि आम्ही माहुलच्या इमारतीत आलो. खिडकीतून रिफायनरी दिसायची. पुढच्या वर्षी पप्पांचं क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. मजल्यावर कोणालाच शंका नव्हती: ही हवा. आणि लोक उगाच बोलत नव्हते. केईएमच्या २०१३च्या पाहणीत इथल्या रहिवाशांना श्वासाचे त्रास आढळले होते, आणि २०२०मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने इथल्या चार कंपन्यांना मिळून २८६ कोटी भरायला सांगितले.

पण सोनोग्राफीत वेगळंच दिसलं. दोन्ही किडन्यांमध्ये पाण्याच्या गाठी, द्राक्षाच्या घडासारख्या. डॉक्टरांनी हवेबद्दल काहीच विचारलं नाही. विचारलं, “तुमचे वडील कशाने गेले?”

आजोबा पाटण तालुक्यात, अंगावर सूज येऊन, पन्नाशीतच गेले. गावात कोणी करणी म्हणालं. तिथे रिफायनरी नव्हती.

घराण्यात फिरणाऱ्या या आजाराचा माग पहिल्यांदा नीट काढला डालगार्ड नावाच्या डॅनिश डॉक्टरने. १९५७ साली त्याने २८४ रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांची नोंद मांडली. आई किंवा बाप, एकाकडून जरी दोष आला तरी पुरे. प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. मुलगा असो वा मुलगी, नाणं तेच.

दोष कुठे बसलाय हे कळायला आणखी जवळपास चार दशकं लागली. १९८५मध्ये सोळाव्या गुणसूत्रापर्यंत शोध पोचला आणि तिथेच अडकला, कारण त्या जनुकाच्या आसपास त्याच्यासारखीच दिसणारी बनावट जनुकं पसरलेली आहेत. वाट दाखवली एका पोर्तुगीज कुटुंबाने. तिथल्या आई आणि मुलीत सोळाव्या आणि बाविसाव्या गुणसूत्राचे तुकडे अदलाबदल झाले होते, आणि दोघींच्याही किडन्यांत गाठी होत्या. तुकडा जिथे तुटला होता, तिथेच जनुक होतं. साल १९९४. नाव ठेवलं पीकेडी-१. दोन वर्षांनी चौथ्या गुणसूत्रावर पीकेडी-२ सापडलं.

खरा प्रश्न पुढचा होता: एकाच आजारात एकाची किडनी पन्नाशीत का थांबते आणि दुसऱ्याची म्हातारपणापर्यंत कशी चालते? फ्रान्सच्या ब्रिटनी भागातल्या रुग्णांवरचा अभ्यास २०१३मध्ये आला. पीकेडी-१मधला बिघाड प्रथिन अर्ध्यावरच तोडणारा असेल, तर किडनी निकामी होण्याचं मध्यक वय ५५. प्रथिन पूर्ण बनतं पण सदोष, तर ६७. पीकेडी-२ असेल तर ७९. एका अक्षराच्या चुकीत चोवीस वर्षांचा फरक. तेवढ्यात एक पोर जन्मून कमवायला लागतं.

१९९४ साल आमच्या घरात आणखी एका कारणाने बोललं जातं. मुंबईत केईएममध्ये १९६५ साली मृत दात्याची किडनी बसवून पाहिली होती. वेल्लोरला १९७१मध्ये प्रत्यारोपण यशस्वी झालं. मग किडन्यांचा बाजार वाढला, आणि तो रोखायला १९९४मध्ये अवयव प्रत्यारोपणाचा कायदा आला. कायद्याने पुढे केलं जवळच्या नात्याला: नवरा-बायको, आईबाप, मुलं, भावंडं. हेतू चांगलाच होता. फक्त आमच्यासारख्या घरात कायदा ज्या रक्तावर भरवसा ठेवतो, त्याच रक्तावर डॉक्टरांना संशय घ्यावा लागतो.

आईचा रक्तगट जुळला नाही. काका गावाहून आले, म्हणाले, “दादा, माझी घे.” त्यांची सोनोग्राफी झाली. गाठी होत्या. माणूस एकोणपन्नास वर्षांचा, कधी तक्रार नाही, द्यायला आला आणि स्वतःची फाइल घेऊन परत गेला. आत्याकडेही गाठी आहेत. ती सहासष्ट वर्षांची आहे, अजून भात लावते.

तिघा भावंडांकडे चूक एकच, बापाकडून आलेली. तरी पप्पा डायलिसिसवर आणि आत्या शेतात. म्हणजे जनुकही सगळं ठरवत नाही. २०१६मध्ये तज्ज्ञांनी गुणांची एक पद्धत मांडली. त्यात बिघाडाच्या प्रकारासोबत पुरुष असण्याचा एक गुण आहे, आणि पस्तिशीआधी रक्तदाब वाढला तर दोन. पप्पांना तिसाव्या वर्षी रक्तदाब होता. गोळी घेतली नाही, कारण डोकं दुखत नव्हतं.

पप्पांसाठी पुढचं नाव माझं होतं. मी सव्वीस. या वयात, घरी आजार असताना, दोन्ही किडन्यांत मिळून तीन गाठी दिसल्या तरी निदान पक्कं धरतात.

मार्चमध्ये सोनोग्राफी केली. उजवीकडे दोन, डावीकडे चार.

आता दर रविवारी सकाळी रक्तदाब मोजते आणि वहीत लिहिते. समोरच्या काकूंनी मशीन पाहिलं. म्हणाल्या, “तुलापण? ही हवाच वाईट गं.” मी खिडकी लावून घेतली आणि आत्याला फोन केला, तिने या महिन्यात बीपी मोजलं का ते विचारायला.