मुलांच्या कोपराचा अस्थिभंग : प्लास्टर की तारा?

आंबा-काजूच्या दिवसांत झाडावरून, एरवी सायकलवरून किंवा झोपाळ्यावरून पडताना मूल हात टेकते आणि कोपराच्या किंचित वर दंडाचे हाड मोडते. तेथे हे हाड पातळ व चपटे असते. पाच ते सात वर्षांच्या वयात हा अस्थिभंग अधिक आढळतो. अशा वेळी पेडणे, डिचोलीतील पालकांपुढेही हाच प्रश्न उभा राहतो : प्लास्टरवर भागेल की तारा घालाव्या लागतील?

उत्तर हाड किती सरकले आहे यावर ठरते. गार्टलँड यांनी १९५९ साली केलेले वर्गीकरण आजही प्रचलित आहे. पहिल्या प्रकारात हाडाला भेग असते, पण ते जागेवरच राहते. तीन ते चार आठवड्यांचे प्लास्टर पुरते. दुसऱ्यात हाड मागे कलते, मात्र मागची बाजू सांधलेली राहते. कल थोडा असल्यास प्लास्टर चालते. तो अधिक असल्यास किंवा हाड पिळले गेल्यास तारा घालणे श्रेयस्कर. तिसऱ्यात दोन्ही भाग पूर्णपणे सुटतात. तेथे भूल देऊन हाड बसवणे व तारांनी स्थिर करणे हाच सर्वमान्य उपचार आहे.

प्लास्टर म्हणजे सौम्य उपचार, ही समजूत येथे घातक ठरते. सरकलेले हाड केवळ प्लास्टरने धरायचे तर कोपर काटकोनाहून अधिक दुमडावे लागते. त्यात सूज वाढली की रक्तवाहिनी दबते, स्नायू मरतात आणि बोटे कायमची आखडू शकतात. शिवाय दंडाच्या हाडाची कोपराकडील वाढ एकूण वाढीच्या सुमारे २० टक्केच असते. त्यामुळे वाकडे जुळलेले हाड वयाबरोबर फारसे सरळ होत नाही.

तारा बहुधा चीर न देता, क्ष-किरण यंत्रावर पाहत घातल्या जातात आणि तीन-चार आठवड्यांनी बाह्यरुग्ण विभागातच काढता येतात. भूल, तारेपाशी जंतुसंसर्ग आणि आतल्या बाजूने तार घातल्यास मज्जातंतूला इजा, हे त्यातील धोके होत.

मूल पडल्यावर हात आहे त्याच स्थितीत फळीचा आधार देऊन बांधावा. चोळू नये, ओढू नये, घट्ट पट्टी बांधू नये. भूल द्यावी लागण्याची शक्यता असल्याने खाऊ-पिऊ घालू नये. १०८ रुग्णवाहिका बोलवावी. बोटे थंड, पांढरी वा बधिर असल्यास ते प्रथमच सांगावे. अशा मुलाला म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात किंवा बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात विनाविलंब पोहोचवणे आवश्यक असते.

प्लास्टर घातल्यानंतर औषध देऊनही वेदना वाढत गेल्या, किंवा बोटे सरळ करताना मूल कळवळले, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच रुग्णालय गाठावे. केवळ प्लास्टर असल्यास आठवड्याभराने पुन्हा क्ष-किरण तपासणी करून हाड सरकले नाही ना, याची खात्री करून घ्यावी. प्लास्टर निघाल्यावर आखडलेले कोपर मालिश करून वा ओढून मोकळे करू नये. मूल खेळू लागले की काही आठवड्यांत, क्वचित काही महिन्यांत, ते बहुधा आपोआप मोकळे होते.