भरत

थरपारकरच्या नवरीची शाल, म्हणजे अबोछणी, लाल सुती कापडाची असते. तिच्यावर रेशमी धाग्यांची फुलं आणि फुलांच्या पोटात आरशाचे तुकडे. सिंधीत या कामाला 'भरत' म्हणतात, गुजरातीतही तेच. आपलं भरतकाम याच घरातलं.

संस्कृतात 'भृ' म्हणजे वाहणं, धारण करणं. प्राकृतात त्याला 'भरून टाकणं' हा अर्थ चिकटला आणि भरली वांगी, समुद्राची भरती, भरजरी शालू असा तो मराठीभर पसरला. कशिद्याचं मूळ मात्र फारसीत: 'कशीदन' म्हणजे ओढणं, खेचणं. हिंदीतली 'कढाई'सुद्धा काढण्यातूनच आली. एकाच कामाला कुणी धाग्याच्या बाजूनं नाव दिलं, कुणी कापडाच्या.

मला कापडाची बाजू जास्त पटते. सिंधी टाका जवळून पाहा. आधी मोकळ्या धाग्यांचा आडवा-तिरका सांगाडा घालतात. मग सुई कापडात न शिरता त्या धाग्यांच्या खालून-वरून फिरते आणि चौकट विणीनं भरत जाते. याला भरणं नाही तर काय म्हणायचं?

फाळणीनंतर कल्याणजवळच्या छावणीत सिंधी कुटुंबं आली. १९४९मध्ये तिचं उल्हासनगर झालं. आज तिथल्या काय, दादरच्या काय, कुठल्याही दुकानात 'वर्कची साडी', 'हेवी वर्क' हेच ऐकू येतं. भरतकाम उरलंय शिवणवर्गाच्या पाटीवर आणि हस्तकलेच्या प्रदर्शनात. 'भरलेली साडी' म्हणणाऱ्या बायका मात्र अजून भेटतात.